फ्लोरेन्सबाईंचे पाहुणे

१९१० च्या सुमाराची गोष्ट. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, बिग सर नदीच्या काठी जॉन आणि फ्लोरेन्स फायफर हे जोडपं गुरंढोरं सांभाळून राहत होतं. माँटेरेकडून येणारा खडबडीत गाडीरस्ता त्यांच्या आसपासच संपायचा. पुढे दक्षिणेला फक्त पायवाटा आणि खेचरांच्या वाटा. त्यामुळे शिकारीला, मासे धरायला किंवा नुसतं रान बघायला जो कोणी यायचा, तो फायफरांच्या दारात उतरायचा. त्याला जेवायला वाढायचं, अंथरूण घालून द्यायचं, त्याच्या जनावराला वैरण टाकायची, हे सगळं ओघानंच व्हायचं. पैशांचा विषय नसायचा. मग एके दिवशी अशाच एका पाहुण्यानं रागाच्या भरात आपल्या खेचराला बडवायला सुरुवात केली. फ्लोरेन्सबाईंना ते बघवेना. त्यांनी त्याला तिथल्या तिथे सांगून टाकलं की आजपासून या घरात राहण्या-जेवण्याचे पैसे पडतील, आणि जनावराचे वेगळे पडतील.

फायफर्स रँच रिसॉर्टची सुरुवात ही अशी झाली. आज त्याच जागेवर बिग सर लॉज आहे. रेडवूडच्या झाडांखाली विखुरलेल्या कॉटेजेस, हाकेच्या अंतरावर नदी, आणि फाटकाबाहेर किनाऱ्यालगत जाणारा हायवे वन.

सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, बे एरियात राहणाऱ्या मराठी मंडळींना हा रस्ता पाठ असतो. देशातून कोणी आलं की गोल्डन गेट, मग सतरा मैलांचा ड्राइव्ह, मग बिक्सबी पुलापाशी फोटो. बहुतेक जण तिथूनच मागे फिरतात. मला पुलाच्या पुढचे मैल जास्त आवडतात. पॉइंट सरच्या दीपगृहाचा खडक मागे पडतो, रस्ता समुद्र सोडून आत वळतो, आणि एकाएकी डोक्यावर झाडं येतात. उन्हातून माजघरात शिरावं तसा डोळ्यांपुढे क्षणभर अंधार होतो. इथून पुढे दोन-तीन मैल हायवे नदीच्या सोबतीनं जातो आणि जुन्या केबिनवाल्यांची वस्ती लागते: रिव्हर इन, रिपलवूड, ग्लेन ओक्स, फर्नवूड, आणि मग फायफरांचं पार्क.

खेचराची गोष्ट मी आईला सांगितली तेव्हा ती लॉजच्या पडवीत चहाचा कप धरून बसली होती. "बरं केलं बाईनं," ती म्हणाली. "मुक्या जनावराला मारणारा माणूस फुकटचं जेवतो कसला?" मग थोडं थांबून म्हणाली, "पण पैसे मागताना जीभ जड झाली असेल बघ तिची."

आईचं हे दुसरं वाक्य कुठल्याही माहितीफलकावर नाही आणि मला तेच सगळ्यात खरं वाटतं. आमचं गाव महाडजवळ, मुंबई-गोवा रस्त्याच्या अंगाला. 'घरगुती जेवणाची व राहण्याची सोय होईल' अशी पाटी दारावर लावायची की नाही, यावरून घराघरांत झालेल्या चर्चा मी ऐकल्या आहेत. आल्या-गेल्याला चहा-भाकरी देणाऱ्या बाईला पहिल्यांदा ताटाचा दर सांगायचा असतो तेव्हा तिला स्वतःशीच केवढं भांडावं लागतं! स्वयंपाक, अंथरुणं, भांडी, पाणी या कशालाच तोवर घरातल्यांनी काम म्हणून मोजलेलं नसतं. फ्लोरेन्सबाईंनी ते मोजलं. खेचर हे निमित्त झालं. पाहुण्यांच्या उठबशीचा खर्च त्यांना आधीपासून जाणवत असणार. त्या दिवशी तो शब्दांत आला. रिसॉर्टचे इतिहास सांगताना जमीन कोणाची, इमारत कोणी बांधली याला मोठं महत्त्व दिलं जातं. इथे धंदा उभा राहिला तो एका बाईनं आपल्या श्रमाला दर लावला म्हणून, हे ठळक अक्षरांत सांगायला हवं.

फायफर कुटुंब इथे आलं १८६९ मध्ये. मायकल आणि बार्बरा, सोबत लहान मुलं. समुद्राजवळच्या सिकॅमोर कॅनियनमध्ये त्यांनी बस्तान बसवलं. त्यांचा मुलगा जॉन मोठा झाल्यावर नदीच्या उत्तर काठावर आला आणि १८८४ मध्ये एका छोट्या लाकडी केबिनमध्ये राहू लागला. ती केबिन पार्कमध्ये आजही दाखवतात, अर्थात ती नंतर पुन्हा उभारलेली. तिच्याजवळ गेलं की पहिल्यांदा तिचा लहानपणा नजरेत भरतो. आपल्याकडच्या फ्लॅटमधलं स्वयंपाकघर असतं तेवढीच. भिंतींच्या फळ्या रेडवूडच्या, उन्हापावसानं राखाडी झालेल्या. मी फळीवर हात ठेवला तेव्हा ती आश्चर्य वाटावं इतकी हलकी आणि कोरडी लागली. रेडवूड सहसा कुजत नाही, त्याला कीड सहजासहजी लागत नाही. म्हणून त्या काळी घरं, कुंपणं, पुलांचे खांब, सगळं त्याचंच होई, आणि म्हणूनच या झाडांवर कुऱ्हाड पडली.

पण फायफरांपासून गोष्ट सुरू करणं मला पटत नाही. हा मुलूख एसेलेन या मूळनिवासी जमातीचा. स्पॅनिश मिशनऱ्यांनी त्यांना कार्मेलच्या मिशनमध्ये नेलं. रोगराईनं आणि सक्तीच्या जगण्यानं त्यांची संख्या होत्याची नव्हती झाली. पुढे १८५३ मध्ये जॉर्ज डेव्हिस नावाच्या माणसानं या नदीकाठच्या जमिनीवर हक्क सांगून केबिन बांधली. १८६८ मध्ये ती केबिन आणि जमीन मॅन्युएल इनोसेंटी या मूळनिवासी माणसानं आणि त्याच्या बायकोनं ५० डॉलरना विकत घेतली. मॅन्युएल इथल्या मोठ्या रँचवर गुराख्यांचा मुकादम होता. ज्या नदीकाठी इथल्या मूळ रहिवाशांच्या पिढ्या गेल्या, तिथेच एका मूळनिवाशाला परक्याच्या हातात पैसे ठेवून जागा घ्यावी लागली. पार्कच्या माथ्यावरच्या डोंगराला त्याचं नाव आहे, माउंट मॅन्युएल. तिथे जाणारी वाट लॉजपासून फार लांब नाही. त्याची मुलं लहानपणीच गेली. त्या कुटुंबाच्या थडग्यांची जागा या डोंगराच्या उतारावर आहे. लॉजमध्ये राहणाऱ्या प्रत्येकानं नदीत पाय बुडवायच्या आधी तिथे एकदा जाऊन यावं असं मला मनापासून वाटतं.

त्या काळात इथे पोहोचणं सोपं नव्हतं. कार्मेलपासून फायफरांचं घर तीसेक मैल. घोडागाडीनं हे अंतर कापायला तीन दिवसही लागत. हे बदलावं असं ज्याच्या डोक्यात शिरलं तो माणूस डॉक्टर होता. १८९४ च्या एप्रिलमध्ये लॉस एंजेलिस नावाचं जहाज पॉइंट सरजवळ खडकावर आपटलं. बातमी कळताच डॉ. जॉन रॉबर्ट्स माँटेरेहून दोन चाकी घोडागाडी पिटाळत साडेतीन तासांत तिथे पोहोचले आणि वाचलेल्यांवर उपचार केले. या किनाऱ्याला रस्ता हवाच, हे त्यांनी तिथेच मनाशी धरलं. पुढे त्यांनी हा सगळा किनारा पायी फिरून त्याचा नकाशा केला, फोटो काढले, आणि राज्याच्या विधिमंडळापुढे नेऊन ठेवले. १९१९ मध्ये १५ लाख डॉलर मंजूर झाले. एवढ्यात काम भागेल असं तेव्हा वाटलं होतं. प्रत्यक्षात रस्ता पुरा व्हायला १९३७ चा जून उजाडला आणि खर्च कोटीच्या घरात गेला.

हा रस्ता कोणी खोदला? १९२८ पासून मोठ्या प्रमाणात कैद्यांनी. सॅन क्वेंटिनच्या तुरुंगातून माणसं आणून रस्त्यालगत छावण्या टाकल्या. कड्यात सुरुंग ठासायचे, दगड समुद्रात ढकलायचे, आणि दिवसाला ३५ सेंट घ्यायचे. शिक्षेतही सूट मिळायची. बिक्सबी पुलावर उभं राहून लोक सेल्फी काढतात तेव्हा मला या ३५ सेंटची आठवण येते. पूल आहेच तसा देखणा. १९३२ मध्ये बांधून झालेली काँक्रीटची एकच एक कमान, ७१४ फूट लांबीचा पूल, खाली २६० फूट दरी. खर्च दोन लाख डॉलरच्या आसपास. पुलाच्या सौंदर्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी आणखी भर घालत नाही. मला कुतूहल आहे ते त्याच्या परिणामाचं. पुलाआधी इथे येणाऱ्या पाहुण्याला मुक्काम करावाच लागायचा. पुलानंतर तो सकाळी येऊन संध्याकाळी परत जाऊ शकत होता. पाहुण्याचा गिऱ्हाईक फ्लोरेन्सबाईंनी केला आणि गिऱ्हाइकाचा वाटसरू या रस्त्यानं केला.

रस्ता येणार हे दिसू लागताच जमिनीचे दलालही आले. १९३० मध्ये लॉस एंजेलिसच्या एका बिल्डरनं जॉन फायफरांना त्यांच्या जमिनीसाठी २,१०,००० डॉलर देऊ केले. नदीकाठी प्लॉट पाडून बंगले विकायचा त्याचा बेत होता. तेव्हा अमेरिकेत मंदीनं माणसं देशोधडीला लागत होती. अशा वेळी समोर आलेली रक्कम फायफरांनी नाकारली. १९३३ मध्ये सुमारे ७०० एकर त्यांनी कॅलिफोर्निया राज्याला विकले आणि त्यातून आजचं फायफर बिग सर स्टेट पार्क झालं. जमीन दान दिलेली नाही, विकलेली आहे, हे मुद्दाम सांगतो, कारण थोर माणसांच्या गोष्टी सांगताना आपण त्यांना संत करून टाकतो. फायफर व्यवहारी लोक होते. ज्या घरात पाहुण्याच्या खेचराचंही भाडं घेतलं जात होतं, त्या घराला पैशाची किंमत कळत नव्हती असं कोण म्हणेल? म्हणूनच बिल्डरला दिलेल्या नकाराचं मोल मला मोठं वाटतं. त्यांच्यासमोर दोन गिऱ्हाइकं होती आणि कोणत्या हातात नदी गेली की ती सगळ्यांची राहील, हे त्यांनी ओळखलं.

पार्क झाल्यावर सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअरची पोरं आली. मंदीत बेकार झालेल्या तरुणांना सरकारनं दिलेलं हे काम. त्यांनी तळ टाकून पायवाटा काढल्या, तंबूच्या जागा केल्या, दगडी बांधकामं केली. पार्कमध्ये हिंडताना पायाखाली कुठे नीट घडवलेला दगड आला की समजावं, तो त्यांच्या हातचा असण्याची शक्यता आहे. जुन्या रिसॉर्टच्या जागी लॉज आलं. त्यात आज साठेक खोल्या आहेत. खोलीत टीव्ही नाही, फोन नाही. पहाटे 'जे' नावाचे निळे पक्षी कठड्यावर येऊन कर्कश ओरडतात आणि टेबलावर विसरलेला पाव डोळ्यांदेखत पळवतात. आईच्या हातचा मेथीचा ठेपला त्यांनी असाच नेला होता.

बाकीच्या केबिनवाल्यांचे इतिहासही फ्लोरेन्सबाईंच्या गोष्टीसारखेच स्वयंपाकघरातून निघतात. १९३४ मध्ये एलन ब्राउन या बाईंनी आपली बैठकीची खोली प्रवाशांना खुली केली आणि त्यांना गरम अॅपल पाय खायला घातला. लोक त्या जागेला अॅपल पाय इनच म्हणू लागले. तेच आजचं रिव्हर इन. त्याच्या मागच्या हिरवळीवरून खाली उतरलं की नदीच्या पात्रात लाकडी खुर्च्या मांडलेल्या दिसतात. उन्हाळ्यात पाणी घोट्यापर्यंत, फार तर पोटरीपर्यंत. लोक पँट दुमडून, पाय पाण्यात सोडून तासन् तास बसतात. खुर्चीचे पुढचे पाय गोट्यांत रुतलेले असतात, बसलं की ती एका बाजूला कलते, आणि मग पायानं चाचपून तिच्याखाली एक चपटा दगड सरकवावा लागतो. पाणी इतकं गार की पाच मिनिटांत बोटं बधिर होतात. ही नदी डोंगरात उगम पावते आणि थोडंसं अंतर धावून समुद्राला मिळते. तिच्यावर धरण नाही. पावसाळ्यात, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, स्टीलहेड मासे समुद्रातून उलटे वर चढून येतात. धरण नसलेल्या नदीकाठी बसायचं सुख काय असतं, ते ज्यानं आपल्याकडच्या कोरड्या पडलेल्या नद्या पाहिल्यात त्याला सांगावं लागत नाही.

एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा जाणवते. एवढ्या गाजलेल्या हायवेवर एकही मोठा जाहिरातफलक नाही. रस्त्यावरून दिसतील अशी घरं बांधायची नाहीत, होर्डिंग लावायची नाहीत, हे नियम माँटेरे काउंटीनं केले आणि होर्डिंगच्या बाबतीत कोर्टातही टिकवले. या नियमांसाठी इथले रहिवासी स्वतः भांडले. या खोऱ्यात वीज आली तीही १९५० च्या आसपास. इथली वस्ती आजही दोन हजारांच्या आत आहे, आणि वर्षाला येणारे पर्यटक मात्र लाखांत मोजायचे. आपल्याकडे सह्याद्रीच्या घाटात प्रत्येक वळणावर प्लॉटिंगचा बोर्ड बघताना जीव तुटतो, म्हणून हे लिहितोय. आपले डोंगर यांच्याहून कुठे कमी आहेत? कमी पडतात ते नकार देणारे.

नियमांनी माणसं आवरली, डोंगर नाही आवरले. १९७२ च्या उन्हाळ्यात इथे वणवा लागला आणि त्याच वर्षी पहिल्या मोठ्या पावसात जळलेल्या उतारांवरचा चिखल वस्तीत घुसला. २००८ मध्ये पुन्हा वणवा, पुन्हा गाव रिकामं. यामागचं कारण साधं आहे. झाडोरा जळला की मुळांची पकड जाते आणि भाजलेली माती पाणी आत घेत नाही. मग पाऊस पडला की दगड, राख, ओंडके सगळं एकत्र खाली येतं. रेडवूड मात्र सहसा मरत नाही. त्याची साल फूटभरसुद्धा जाड असते. लॉजच्या आवारातल्या जुन्या झाडांच्या बुंध्यांत माणूस उभा राहील एवढ्या काळ्या कपारी आहेत आणि वर शेंडा हिरवागार. कपारीच्या आतल्या भिंतीवर बोट फिरवलं तर अजून काजळी लागते.

२०१६ चा उन्हाळा मी विसरणार नाही. २२ जुलैला, इथून उत्तरेला, कोणीतरी परवानगी नसताना शेकोटी पेटवली आणि तशीच सोडून दिली. तिचा वणवा झाला. सोबरानेस नावानं ओळखला जाणारा हा वणवा ऑक्टोबरपर्यंत धुमसत राहिला. त्यात १,३२,१२७ एकर जळले आणि बुलडोझर चालवणारा एक कामगार जिवानिशी गेला. मी रोज त्याच्या बातम्या बघत होतो. तेवढ्यात, २ ऑगस्टच्या रात्री, आमच्या महाडजवळ सावित्रीवरचा पूल पुरात वाहून गेला. १९२८ सालचा दगडी पूल. दोन एसटी गाड्या आणि आणखी वाहनं अंधारात नदीत गेली. त्या पुलावरून मी शाळेच्या सहलीला गेलोय, आजोळी गेलोय. इथे आग, तिथे पाणी, आणि दोन्हीकडे आपलीच माणसं वाटावीत अशी अडकलेली माणसं. ते दिवस कसे काढले, सांगता येत नाही.

पुढच्याच हिवाळ्यात बिग सरची पाळी आली. २०१७ च्या फेब्रुवारीत धो धो पावसानं डोंगर सरकला आणि लॉजपासून थोड्या अंतरावरचा फायफर कॅनियन पूल तडकला. तो पाडावाच लागला. दक्षिणेलाही दरडींनी रस्ता बंद केला आणि मधली वस्ती बेटासारखी तुटली. मग पार्कमधून डोंगराच्या अंगानं एक पायवाट काढली गेली. दप्तरं घेतलेली मुलं, कामावर जाणारे आचारी, पाठीवर वाणसामान घेतलेली माणसं त्या चढावरून ये-जा करू लागली. शंभर वर्षांपूर्वी फायफरांच्या दारापुढे पायवाट सुरू व्हायची. काही महिन्यांसाठी तसंच झालं. सावित्रीवरचा नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जूनमध्ये सुरू झाला. फायफर कॅनियनचा ऑक्टोबरमध्ये. हा नवा पूल पोलादी आहे, आणि त्याला मध्ये एकही खांब नाही, कारण ज्या उतारावर खांब रोवायचा तोच भरवशाचा राहिलेला नाही.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त आनंद देणारी बातमी २०२० ची आहे. बिग सरच्या उत्तरेला लिटल सर नदीकाठची ११९९ एकर जमीन एसेलेन जमातीला परत मिळाली. तिची किंमत होती ४५ लाख डॉलर. ती राज्याच्या अनुदानातून भरली गेली. जमातीला एक पैसाही द्यावा लागला नाही. अडीचशे वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या नावावर त्यांची स्वतःची जमीन आली. तिथे प्लॉट पाडायचे नाहीत, रेडवूड आणि नदी जपायची, आपले विधी पुन्हा सुरू करायचे, असं त्यांनी ठरवलं आहे. मॅन्युएल इनोसेंटीनं ५० डॉलर मोजले त्याला तेव्हा दीडशे वर्षं उलटून गेली होती.

आई या ऑक्टोबरमध्ये पुन्हा येते आहे. लॉजचं बुकिंग झालंय. बिक्सबीवर या वेळी थांबणार नाही. पुढे लिटल सर नदीवरच्या पुलाशी गाडी हळू करीन आणि तिला सांगीन की या नदीच्या वरच्या अंगाला एसेलेन लोकांची जमीन आहे, आणि ती त्यांना विकत घ्यावी लागली नाही.